बॅटरीवर आळ

"वहिनी, कळलं का? डॉक्टरांची सायकल मध्यंतरी सिंहगडाच्या घाटात मेली होती."

नानांनी कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकवली की समजावं, बातमी पक्की आहे आणि निदान पंधरा मिनिटांची आहे. मी कोथिंबिरीची जुडी घेऊनच भिंतीशी गेले. निवडता निवडता ऐकलं की काम केल्याचं पुण्यही मिळतं.

"सायकल कशी मरेल, नाना? पंक्चर झाली असेल."

"छे! चाकं ठणठणीत. गिअर पडेना. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. चेन पुढच्या मोठ्या चक्रीवर अडकलेली आणि समोर गोळेवाडीचा चढ. शेवटी उतरून ढकलत निघाले. दहीवाल्या मावशी म्हणाल्या म्हणे, साहेब, ढकलायचीच होती तर हातगाडी आणायची, मडकी तरी ठेवली असती."

"पण गिअरला बटण कुठलं? दांडी असते ना?"

"तीच तर गंमत. डॉक्टरांच्या सायकलीला इलेक्ट्रॉनिक गिअर आहेत. हँडलवर बटण दाबायचं, मागे एक इवलीशी मोटर झुंग करते आणि चेन या चक्रीवरून त्या चक्रीवर. ताणायची तार नाही, ढिली पडायची भानगड नाही. मोटर आली की बॅटरी आली आणि बॅटरी आली की आमच्यासारख्यांना काम आलं."

नाना एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. नोकरीतला बहुतेक काळ विजेच्या कामावर होते. गल्लीत कुणाचा मिक्सर बंद पडला तरी आधी नाना, मग दुकान.

"नाना, सायकलीला चार लाख घातले म्हणतात. खरं का हो?"

नानांनी इकडेतिकडे पाहिलं. "नव्याची किंमत तशी असेल. पण ही नवी नाही. कॅनडाला गेलेल्या एका आयटीवाल्याकडून घेतलीय. दोन लाखाला."

"पण त्यांच्या मिसेस मला हळदीकुंकवाला म्हणाल्या, ऐंशी हजार."

"त्यांना ऐंशीच सांगितलेत. हे भिंतीच्या अलीकडेच राहू द्या."

भिंतीच्या अलीकडे आजवर काय काय राहिलंय हे भिंतच जाणे. मी जुडी खाली ठेवली.

"बरं, मग मेली कशानं?"

"इथंच सगळी मजा आहे. गल्लीनं तपासाच्या आधीच निकाल लावला. आरोपी नंबर एक, वॉचमनचा मुलगा. तो शनिवारी डॉक्टरांची गाडी धुतो, सायकल पुसतो. त्यानंच बटणं दाबून खेळ केला असणार, असं दूध केंद्रावर ठरलं. आरोपी नंबर दोन, डॉक्टरांच्या आई. त्यांना रात्री घरातली सगळी बटणं बंद केल्याशिवाय झोप येत नाही. चार्जरचं बटण त्यांनीच बंद केलं असणार, हे सूनबाईंचं मत. आणि आरोपी नंबर तीन, स्वतः बॅटरी. सेकंडहँड, म्हातारी, गेली असेल, असं डॉक्टरांचं. ते नवी मागवायला निघाले होते. मी म्हटलं, डॉक्टर, दात दुखतो म्हटल्याबरोबर तुम्ही उपटता का? आधी एक्स-रे काढता ना? मग इथं का घाई?"

"मग तुम्ही काय केलंत?"

"मॅन्युअल वाचलं. सायकलीबरोबर एका पिशवीत आलं होतं, तसंच पडून होतं."

नानांनी मग मला त्या गिअरचा अख्खा इतिहास ऐकवला. फ्रान्सच्या माविक कंपनीनं १९९० च्या दशकातच विजेवरचे गिअर काढले, झॅप नावाचे. क्रिस बोर्डमनसारख्या नावाजलेल्या शर्यतपटूनं ते वापरले, पण बाजारात ते रुजले नाहीत. मग ओसाकाजवळच्या साकाई गावच्या शिमानो कंपनीनं २००९ साली ड्युरा-एस डीआयटू आणलं आणि हे प्रकरण खऱ्या अर्थानं सुरू झालं. २०११ मध्ये इटलीची कँपाग्नोलो आली. २०१५ मध्ये शिकागोच्या स्रॅमनं तर गिअरमधली वायरच काढून टाकली, सगळं बिनतारी.

"डॉक्टरांची शिमानोची, वायरवाली. अकरा गिअरची," नाना म्हणाले. "बॅटरी कुठे असेल सांगा बघू?"

"हँडलवर?"

"सीटच्या खालच्या दांडीच्या पोटात! बाहेरून दिसतही नाही. साडेसात व्होल्टच्या आसपासची लिथियम-आयन, बोटाएवढी. एकदा भरली की हजार किलोमीटर सहज जाते, जास्तही. आता मला सांगा, डॉक्टरांनी रविवारी चार्ज केली, मधे एकदा खडकवासल्याला जाऊन आले आणि पुढच्या रविवारी सिंहगडावर बंद. जेमतेम शंभर किलोमीटर. मग बाकीचं कुणी प्यायलं?"

"बॅटरी म्हातारी असेल की."

"म्हातारी बॅटरी काम करताना लवकर दमते, वहिनी. उभ्या उभ्या रिकामी होत असेल तर बहुधा कुणीतरी चोरून पितंय. एसटीत असताना एखाद्या गाडीची बॅटरी रोज सकाळी उतरलेली मिळायची. ड्रायव्हर म्हणायचा, नवी द्या. आम्ही बॅटरीची एक वायर काढून मधे बल्ब जोडायचो. सगळं बंद असताना बल्ब पेटला, म्हणजे कुठंतरी करंट खातंय. मग एकेक फ्यूज काढायचा. ज्या फ्यूजला बल्ब विझला, त्या लायनीत चोर. कितीदा तर डिकीतला दिवा नाहीतर चिकटलेला हॉर्नचा रिले निघायचा. बॅटरी बिचारी फुकट बदनाम."

"म्हणजे सायकलीलाही बल्ब लावलात?"

"नाही हो. पण डोकं तेच. मी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, आधी काय बंद पडलं? पुढचं की मागचं?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"तिथंच निम्मा निकाल लागतो. बॅटरी संपत आली की ही यंत्रणा आधी पुढचा डिरेलर, म्हणजे चेन चक्रीवरून चक्रीवर सरकवणारा भाग, बंद करते. उरलेली ताकद मागच्यासाठी राखते, कारण माणसाला घरी पोचायला मागचेच गिअर जास्त लागतात. म्हणून पुढचं अडलं पण मागचं अजून चालतंय, तर बॅटरी उपाशी आहे. उलट, पुढचं चालतंय आणि मागचं ठप्प, तर बॅटरीला हात लावायचा नाही. सायकल कुठं पडली होती का, आदळली होती का, ते विचारायचं. मार बसला की मागचा डिरेलर स्वतःला वाचवायला मोटर सोडून देतो. मग बटण कितीही दाबा, तो हलत नाही. लोकांना वाटतं बॅटरी गेली. प्रत्यक्षात हँडल धरणाऱ्या स्टेमखाली एक डबी असते, तिच्यावरचं बटण लाल दिवा चमकेपर्यंत दाबून धरायचं, सोडायचं, मग पायडल फिरवत गिअर बदलायचा. पाच मिनिटांचं काम."

"आणि डॉक्टरांचं?"

"आधी पुढचं गेलं. मग थोडं वर गेल्यावर मागचं. म्हणजे बॅटरी खरोखरच रिकामी. एवढं पक्कं झालं."

"मग आजींनीच बटण बंद केलं असेल. नीट भरलीच नसेल."

"मलाही तसं वाटलं. पण तेही तपासलं. या गिअरला हालहवाल सांगायची सोय आहे. हँडलवरचं बटण अर्धा सेकंद दाबून धरलं की त्या डबीवर दिवा लागतो. हिरवा स्थिर, म्हणजे पोट भरलेलं. हिरवा लुकलुकतो, म्हणजे निम्म्यावर आलं. लाल स्थिर, म्हणजे पाव उरलं. लाल लुकलुकला, म्हणजे गाशा गुंडाळा. तर आजींच्या देखत चार्जरला लावली. मोबाइलच्या चांगल्या अ‍ॅडॉप्टरला लावली तर दीड तासात भरते, लॅपटॉपला लावली तर तीन तास. आणि गंमत अशी की चार्ज होताना चार्जरवर नारिंगी दिवा असतो आणि भरली की तो विझतो."

"विझतो?"

"हो ना! सूनबाईंनी विझलेला दिवा पाहिला आणि म्हणाल्या, बघा, आईंनी बटण बंद केलं. आई म्हणाल्या, मी आज शिवलेसुद्धा नाही. दिवा विझला म्हणजे काम झालं, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. मी डबीवरचा हिरवा दिवा दाखवला. आईंनी सुनेकडे असं पाहिलं, वहिनी, की मला चहा न पिताच निघावंसं वाटलं."

"म्हणजे आजी निर्दोष!"

"बाइज्जत. आता उरले दोघं. मी सायकल जिथं उभी असते ती जागा बघायला मागच्या व्हरांड्यात गेलो. एका बाजूला भिंत, एका बाजूला बुटांचा रॅक, आणि अंगावर कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड. मला वाकायला जागा हवी म्हणून मी स्टँड बाजूला सारला. दिवे, वायर बघितल्या. मग होता तसा परत टेकवला आणि मागून आवाज आला, झुंग, झुंग!"

"अगं बाई! कुणी दाबलं?"

"स्टँडनं! त्याची आडवी दांडी बरोब्बर हँडलच्या लिव्हरवर येत होती. ओले कपडे घातले की वजन वाढायचं, दांडी बटणावर दाबून बसायची. रात्रभर. बटण दाबलेलं असलं की यंत्रणा जागी राहते, तिला वाटतं मालक काहीतरी मागतोय. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, गाडीतून नेताना, बॅगेत भरताना बटणावर काही दाब येणार नाही असं बघा, नाहीतर बॅटरी उतरेल."

मला हसू आवरेना. दोन लाखांची सायकल आणि गुन्हेगार साडेसातशेचा स्टँड!

"पण नाना, हा योगायोग नसेल कशावरून?"

"शाब्बास. एवढ्यावर निकाल देणार नाही मी. बॅटरी पूर्ण भरली आणि सायकल दिवाणखान्यात मोकळी उभी करायला लावली. स्टँड नाही, रॅक नाही. आठवडाभर रोज सकाळी दिवा बघायचा. हिरवा तो हिरवाच. मग मुद्दाम जुन्या जागी, स्टँड टेकवून. काही दिवसांत हिरवा लुकलुकायला लागला, मग लाल. जागा बदलली की आजार जातो, जागा तीच ठेवली की येतो. आता पुरावा झाला."

"आणि मोकळ्या जागेतही उतरली असती तर?"

"तर फ्यूजचाच धडा. यात फ्यूज नसतात, पण जोड असतात. मोबाइलशी बोलणारा बिनतारी डबा आधी काढायचा, दोन दिवस बघायचं. मग एकेक करत पुढे. बहुतेक वेळा एखादी वायर अर्धवट बसलेली सापडते. या वायरींची टोकं इतकी बारीक असतात की बोटानं दाबली तर बसल्यासारखी वाटतात, पण बसत नाहीत. त्यासाठी प्लॅस्टिकचं छोटं हत्यार मिळतं, त्यानं टिक आवाज येईपर्यंत ढकलायची. अर्धवट बसलेल्या वायरीचा आजार ओळखायला सोपा, खड्ड्यात गेलं की गिअर जातो, पुढं परत येतो. आपल्या रस्त्यांवर तपासणी फुकटात होते."

नानांचा माल संपत आला असं वाटून मी माझा काढला. माझा भाचा शिकागोला असतो. त्याच्या सायकलीला स्रॅमचे बिनतारी गिअर आहेत. तो दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर आईला सायकल दाखवतो आणि आई त्याला विचारते, लग्नाचं काय.

"त्याच्या सायकलीला पुढच्या आणि मागच्या डिरेलरला वेगवेगळ्या बॅटऱ्या आहेत," मी म्हटलं. "दोन्ही अगदी सारख्या, चिमटा उघडला की हातात येतात. साधारण साठ तास चालतात आणि तासाभरात भरतात. त्याची एकच तक्रार होती. सायकल मोटारीच्या मागे टांगून लांब गेला की पोचेपर्यंत बॅटरी उतरलेली."

नानांचे डोळे चमकले. "हलत असणार."

"बरोब्बर! सायकल शांत उभी राहिली की ते गिअर झोपतात आणि हादरा बसला की जागे होतात. टांगलेल्या सायकलीला वाटायचं, चालवतायत आपल्याला. आता तो निघतानाच बॅटऱ्या काढून खिशात ठेवतो. विमानानं येताना तर काढतोच, सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच चालतात, सामानात टाकायच्या नाहीत. आणि तिकडच्या थंडीत तो त्या घरात उबेला ठेवतो, निघताना लावतो. गार पडली की बॅटरी हात आखडते."

"आणि वाटेत मागची संपली तर पुढची काढून मागे लावायची, हो ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोन्ही सारख्या म्हणालात ना! मागची जास्त राबते म्हणून आधी संपते. पुढची चेन आधी लहान चक्रीवर घ्यायची आणि मग अदलाबदल. घर गाठता येतं."

मला जरा वाईट वाटलं. ही युक्ती मी शेवटाला राखून ठेवली होती. मग मी सेलचं काढलं. बिनतारी प्रकारात हँडलच्या लिव्हरमध्येही चपटे गोल सेल असतात, स्रॅमला सीआर २०३२, शिमानोच्या २०२१ नंतरच्या बारा गिअरवाल्या सायकलींना सीआर १६३२. ते दीड-दोन वर्षं चालतात, म्हणूनच माणूस त्यांना विसरतो. मोठी बॅटरी भरलेली, दिवा हिरवा, तरी एकाच बाजूचं बटण मुकं झालं, तर आधी हा पन्नास-शंभर रुपयांचा सेल बदलायचा.

"भाच्यानं सेल बदलला तरी बटण मुकंच," मी सांगितलं. "हल्ली मुलांनी गिळू नयेत म्हणून काही सेलवर कडू थर देतात. तो थर नेमका संपर्काच्या जागी आला की काही यंत्रांना वीज पोचत नाही. अ‍ॅपलनं त्यांच्या एअरटॅगसाठी तशी सूचनाच दिलीय. साधा सेल घातला, लगेच चाललं."

"पण मग तो साधा सेल नातवंडांच्या हाताला लागेल असा ठेवू नका हं," नाना एकदम गंभीर झाले. "आमच्या वेळी सेल मोठे होते, गिळायची भीती नव्हती. हा नाण्याएवढा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून भाजतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल. वापरलेला सेलसुद्धा चिकटपट्टीत गुंडाळूनच टाकायचा."

तेवढ्यात समोरून डॉक्टर सायकल घेऊन निघालेले दिसले. हेल्मेट, गॉगल, अंगाला चिकटलेले पिवळे कपडे. आम्हाला बघून त्यांनी हात केला. आम्हीही केला. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघांनीही हवामानावर चर्चा केली.

"काय काय पथ्य सांगितलंत त्यांना?" ते दिसेनासे झाल्यावर मी विचारलं.

"मोजकंच. लांब जायच्या आदल्या दिवशी दिवा बघायचा, सकाळी निघताना नाही. सकाळी लाल दिसून करणार काय? वाटेत लाल दिसला तर ताबडतोब पुढची चेन लहान चक्रीवर आणून ठेवायची आणि मग पुढच्याला हात लावायचा नाही. बंद पडलंच तर निदान चढ चढता येईल. मागचंही मधल्या गिअरवर ठेवायचं, शेवटी जिथं असेल तिथंच अडकणार. पावसाळ्यात चार महिने सायकल गुंडाळून ठेवणार असाल तर रिकाम्या बॅटरीनं ठेवायची नाही. लिथियमची बॅटरी पार तळाला जाऊन महिनोन्‌महिने पडली की मग चार्जरच तिला ओळख देत नाही. आणि धुताना पाण्याचा फवारा जोडांवर मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं."

"बीआरएमच्या लांब सायकलफेरीला जाणार म्हणत होते ना ते? दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत?"

"जातील. बॅटरीला काही होत नाही. पायांचं मी सांगू शकत नाही."

"आणि नव्या बॅटरीची ऑर्डर?"

"रद्द."

"आणि तो मुलगा? वॉचमनचा? त्याच्याबद्दल तर सगळी गल्ली बोलत होती."

नाना जरा थांबले. "मी डॉक्टरांना म्हटलं, त्याला बोलावून सांगा. बोलावलं. डॉक्टर म्हणाले, बाळा, तुझं काही चुकलं नव्हतं, तो स्टँड होता. पोरगं काय म्हणालं माहितीय? म्हणालं, मला माहीत होतं काका. मी पुसायला स्टँड बाजूला करायचो, परत ठेवताना झुंग आवाज यायचा. दर शनिवारी."

"अरे देवा! मग बोलला का नाही?"

"डॉक्टरांनीही हेच विचारलं. तो म्हणाला, मला कुणी विचारलं कुठं? सगळे मला सांगतच होते, तू केलंस म्हणून."

मी कोथिंबिरीची जुडी उचलली आणि परत ठेवली. यावर बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं.

"मी आठ दिवस मॅन्युअल वाचत बसलो, वहिनी. त्याला पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. आता डॉक्टरांनी सायकल त्याच्याकडेच सोपवलीय. शनिवारी पुसायचं आणि दिवा बघून रंग सांगायचा. पगार वाढवून दिलाय."

"हे बरं झालं. आणि तुम्हाला काय दिलं? एवढी मेहनत केलीत!"

"म्हणाले, नाना, तुम्हाला पैसे कसे द्यायचे? आजपासून तुमच्या दातांचं सगळं काम आयुष्यभर फुकट."

"वा! मोठं मन हो."

"मोठंच," नाना म्हणाले आणि तोंड उघडून त्यांनी वरची कवळी जिभेनं खाली पाडून दाखवली. "वरची-खालची दोन्ही. कधीचीच बसवलीय."

मी क्षणभर विचार केला. "नाना, ते आयुष्यभराचं फुकट दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, विचारून बघा ना. आमच्या ह्यांची अक्कलदाढ दुखतेय."